राणेभावोजींचं गाऱ्हाणं

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पाल चुकचुकली की मी कृष्ण कृष्ण म्हणत उठते. कुणी दारात शिंकलं की मी चप्पल काढून परत आत. आमचे हे म्हणायचे, "हिला घाबरायला कारण लागत नाही, नुसती सवड मिळाली तरी पुरते." अशा बाईच्या शेजारी कोण यावं, तर देव न मानणारा माणूस! आणि तोही असातसा नव्हे. साऱ्या चाळीचं गाऱ्हाणं ज्याच्या तोंडून देवाकडे जायचं, तोच माणूस.

नाहूरला आमची बैठी चाळ होती. साठ-पासष्ट सालातलं नाहूर म्हणजे काय, आजच्या पोरांना सांगून पटायचं नाही. एका अंगाला रेल्वेचं फाटक, पलीकडे मिठागरं, मागे ओढा आणि गुडघाभर गवत. चाळीत झाडून सगळे आम्ही कोकणातले. पुरुषमाणसं आग्रा रोडवरच्या कारखान्यांत, नाहीतर गिरणीत. गावाहून येताना माणसांनी कुळथाचं पीठ आणलं, आमसुलं आणली आणि सोबत भीतीसुद्धा बांधून आणली. चाळीमागे भेंडीच्या झाडाखाली एक दगड होता. तो जागेवाला, म्हणजे ह्या जागेचा राखणदार. देवदिवाळीच्या सुमाराला त्याला नारळ आणि कोंबडा द्यायचा, की वर्षभर तो साप-विंचू, रोगराई, सगळं हद्दीबाहेर ठेवणार. ह्याला राखण म्हणतात.

पण नुसता कोंबडा देऊन भागत नाही. गाऱ्हाणं घालावं लागतं. आरती वेगळी, पूजा वेगळी. गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर ताठ उभं राहून, त्याचं नाव घेऊन, चारी बाजूंची हद्द सांगून आपलं म्हणणं मोठ्याने मांडायचं, आणि बाकीच्यांनी प्रत्येक बोलाला "होय म्हाराजा" म्हणायचं. हा मान राणेभावोजींचा. त्यांच्या गावीही त्यांच्याच घराण्याचा. काय आवाज होता! "बा जागेवाल्या म्हाराजाऽ" म्हटलं की मिठागरातले बगळे उडायचे. ते "लेकराबाळांक सुखी ठेव रे म्हाराजा" म्हणाले की माझं रडू आवरायचं नाही, आणि त्यानंतर आठवडाभर तरी मला शांत झोप लागायची.

एरवी माणूस शिडशिडीत, काळासावळा, कारखान्यात फिटर. स्वतःचा शर्ट स्वतः इस्त्री करायचा. दाराची कडी लावली की ओढून बघायचा, चार पावलं गेला की परत येऊन पुन्हा ओढायचा. आणि खोटं बोलायचा नाही. म्हणजे जरासुद्धा नाही. अशा माणसाबरोबर राहणं किती त्रासाचं असतं, ते त्यांच्या बायकोला, शेवंताक्काला विचारावं. तिने हौसेने बांगड्याचं तिखलं करावं, आणि "कसा झाला?" म्हणून विचारावं, तर हा बाबा म्हणणार, "मीठ कमी आसा." एकदा एक चिवट पाहुणा दारात आला. शेवंताक्का बाहेर येऊन म्हणाली, "ते घरात नाहीत." तर आतून आवाज, "आसंय मी घरात. पन माका तुमच्याशी बोलूचा नाय." पाहुणा गेला तो गेलाच. शेवंताक्का दोन दिवस बोलली नाही. भावोजी मला म्हणाले, "वयनी, तिका सांगा, मी चुकलंय. पन मी घरात होतंय ह्या खराच ना?"

तर एका वर्षीची राखण. मंडळी जमली, कोंबडा पाय बांधून ठेवलेला, उदबत्तीचा वास. आम्ही बायका मागे. भावोजी नारळ घेऊन उभे राहिले. "बा जागेवाल्या म्हाराजाऽ." आम्ही म्हणालो, "होय म्हाराजा." मग काहीच नाही. ते दगडाकडे बघत उभे. मला वाटलं, खोकला आला असेल. त्यांनी वाकून नारळ हळूच खाली ठेवला.

"माका जमाचा नाय," ते म्हणाले. "मामा, दुसऱ्या कोणाक तरी सांगा."

सावंतमामा चाळीतले वडीलधारे. ते पुढे झाले. "बरा नाय काय रे तुका?"

"बरो आसंय. पन माझो इश्वास नाय रवलो. हंय उभो रवान मी खोटा बोलूचंय नाय."

 मामा भडकले, "अरे, तुझो इश्वास मागता कोण? तो ठेव घरात! आवाज दी तू!"

एरवी मी हसले असते. पण तेव्हा नाही. मला वाटलं, तो दगड हे सगळं ऐकतोय. भावोजी मान खाली घालून आमच्या मधून घरी निघून गेले. 

चाळीने कारणं शोधायला सुरुवात केली. कुणी म्हणालं करणी आहे, कुणी म्हणालं कारखान्यातल्या युनियनवाल्यांनी डोकं फिरवलं. मला राहवेना. शेवंताक्का नळावर गेली होती, तेव्हा ओट्यावर गाठून विचारलंच. म्हटलं, "भावोजी, झालं काय? कुणी गेलं? काही मनासारखं झालं नाही?"

"काय एक झाला नाय, वयनी. झाला असता तर सांगूक सोपा होता." ते बोटांच्या नखांकडे बघत म्हणाले, "कोणाच्या घराचा दार वाजवताना कळता ना, आत माणूस आसा की नाय? तसा. दोन-तीन वरसा मी दार वाजवतंय. मोठमोठ्यान वाजवतंय. आत कोण नाय."

"अहो, मग ठेवा ना विश्वास! आम्ही ठेवतोच ना? तुमचं काय जातंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमी भितास ना सगळ्याक?"

"भिते. सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग उद्यापास्ना भिऊ नकात. तुमचा काय जाता?"

  भीती काय मी दुकानातून निवडून आणली होती? किती नवस केले मी ती जाण्यासाठी! ते म्हणाले, "जमाचा नाय ना? तसाच माझा. मी रोज सकाळी उठान बगतंय, आज इलो काय इश्वास. येत नाय."

ते देवाची टिंगल कधीच करत नसत, हेही सांगायला हवं. सत्यनारायणाचा शिरा दोनदा मागून खायचे. "शिऱ्याबरोबर माझा भांडण नाय," म्हणायचे. आणि घाबरायचेसुद्धा! संध्याकाळी फाटकाकडून येताना काठी आपटत, खाकरत यायचे. मी एकदा टोचून म्हटलं, "देव नाही म्हणता, मग घाबरता कशाला?" तर म्हणाले, "वयनी, देव नाय म्हणून साप थोडेच नाय झाले? उलट तुमी बऱ्या. तुमका भंय वाटला तर तुमी कोणाक तरी हाक मारतास. माका भंय वाटला तर मी एकटो." शेवंताक्काने मात्र उपास दुप्पट केले. "माझे माझे, आणि ह्यांचे पण मीच करतंय," ती म्हणायची.

पुढच्या वर्षी गाऱ्हाण्याला बाबल तावडेला उभा केला. बाबल वेंगुर्ल्याकडचा, आवाज ढोलासारखा, उत्साह दांडगा. त्याने डोळे मिटले आणि जो सुटला! हद्द सांगायची वेळ आली तसा म्हणाला, "उगवतीक घाटी, मावळतीक दर्या, हयसून व्हाळ, थयसून माडाची राय, हेच्या मधी जा काय आसा ता सांभाळ रे म्हाराजा!" आम्ही सवयीने "होय म्हाराजा" म्हणून मोकळे झालो. कोंबडा कापला गेला. रस्सा उकळायला लागला तेव्हा सावंतमामांच्या लक्षात आलं. नाहूरला कसला घाट आणि कसला दर्या? बाबलने तोंडात बसलेली त्याच्या गावची हद्द म्हणून टाकली होती.

"वाट लागली!" मामांनी कपाळावर हात मारला. "कोंबो हंयचो नि राखण गेली वेंगुर्ल्याक!"

पोरं हसली, पण मोठ्यांपैकी कुणी हसलं नाही. एकदा गेलेली राखण परत मागता येत नाही. आणि मी तर नाहीच हसले, कारण तेव्हा मला दिवस होते. त्याआधी माझी दोन पोरं पोटातच गेली होती. तिसऱ्या खेपेला मी श्वाससुद्धा जपून घेत होते, आणि आता आमच्या चाळीची राखण चालली होती तीनशे मैलांवर कुणा भलत्याच्या माडांना!

आठवडा गेला नसेल, नळाच्या चौथऱ्यावर नाग निघाला. मी कळशी घेऊन उभी, आणि तो फणा काढून. मी ओरडलेसुद्धा नाही, कळशीच हातातून सुटली. पुरुषांनी काठ्या आपटून त्याला गवतात घालवला. त्यानंतर सावंतमामांची सून तापाने पडली, ओढ्यावर कुणाचा पाय मोडला. भावोजी म्हणत, "साप गेल्या वरसाक पन होते, ताप पन होतो." म्हणत खरं, पण कोण ऐकतंय! चाळीतली माणसं त्यांच्याकडे बघायची बंद झाली. शेवंताक्का नळावर आली की बायका कळश्या उचलायच्या. मीच काय ती बोलायची, आणि तेही चोरून, कारण मलाही धास्ती होतीच. न जाणो, ह्यांच्या सावलीने माझ्या पोराला काही झालं तर?

सातवा सरत आला तेव्हा एका दुपारी पोटात हालचाल थांबली. मागच्या दोन्ही खेपांना असंच झालं होतं. सुईणीने हात लावून बघितलं, म्हणाली, "वाट बघूया." तिचा चेहरा मला आवडला नाही. मी उठले आणि तशीच भावोजींच्या दारात जाऊन बसले. त्यांची कारखान्यात दुसरी पाळी होती, डबा भरून निघालेच होते.

"भावोजी, गाऱ्हाणं घाला," मी म्हटलं. "तुमच्या पाया पडते. तुम्हीच. बाबल नको."

"वयनी..."

"मला माहितीय तुमचा विश्वास नाही. घाला. माझं पोर जातंय हो!"

शेवंताक्का आतून आली आणि त्यांच्या हातातला डबा काढून घेऊन नुसती बघत राहिली.  मी एवढा घाम फुटलेला पुरुष कधी बघितला नव्हता. इकडे मी, पोटावर हात धरून रडतेय. तिकडे त्यांचं ते खरं. ते नुसतं तोंडाने म्हणाले असते, तर कुणाला काय कळणार होतं? मलासुद्धा नको होतं कळायला.

"खोटा सांगूचंय नाय," ते शेवटी म्हणाले. मी उठायला लागले. मग म्हणाले, "पन तुमचा म्हणणा आसा ता खरा आसा. ता मी पोचवतंय. चला."

भर दुपारी भेंडीखाली उभे राहिले ते. नारळ नाही, कोंबडा नाही. मामा धावत आले, कामावर नसलेले पाच-सहा पुरुष आले, बायका आल्या. भावोजींनी घसा साफ केला. दीड वर्षाने तो आवाज निघाला.

"बा जागेवाल्या म्हाराजाऽ! तू आसस काय नाय, माका ठावक नाय."

"होय म्हा..." असं सुरू करून सगळे अडखळले. होय म्हणायचं तरी कसं? मामांचं तोंड तसंच उघडं. दगडाकडे बघायची कुणाची हिंमत होईना. आणि मी, पालीला भिणारी मी, बाईमाणसाने पुढे व्हायचं नसतं तिथे, एकटीच ओरडले, "होय म्हाराजा!"

"मी तुका सोदून बगलंय. तू माका गावलस नाय."

"होय म्हाराजा!" आता शेवंताक्काचाही आवाज आला.

"ह्येचो राग असात तर माझ्यावर काढ. ही माणसा तुका मानतत. ही बाय घाबरलेली आसा. तिचा पोर सुखरूप भायर येवंदे, असा तिचा म्हणणा आसा. उगवतीक मिठागर, मावळतीक डोंगर, हयसून रेल्वेचो फाटक, थयसून ओढो, हेच्या मधी तिचा घर आसा. मी नुसतो निरोप सांगणारो. ऐकणारो कोण असात तर ऐक रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले. बगळे उडाले. भावोजी शेवंताक्काकडून डबा घेऊन पाळीला गेले.

त्याच संध्याकाळी पोटात पोराने लाथ मारली. पुढे दिवस भरून मुलगी झाली, नाकीडोळी नीटस. चाळीने ठरवून टाकलं की राणेंचं गाऱ्हाणं लागू पडलं. मामांनी स्वतः जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. नळावरच्या कळश्या खाली आल्या. सगळं सुतासारखं सरळ झालं होतं. ह्या माणसाने फक्त गप्प बसायचं होतं.

बारशाला आले. पोरीला मांडीवर घेतलं, तिच्या मुठीत बोट दिलं, डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "पावला ना भावोजी?"

"पोर बरा आसा. माका लय आनंद झालो, वयनी," ते म्हणाले, आणि थांबले. मला कळलं, आता हा माणूस काहीतरी बोलणार. मनात म्हटलं, नको बोलू रे बाबा. "पन तुमका फसवूचंय नाय. त्या दिवशी थंय बोललंय ना, तेवा पन आत कोण नव्हता."

असा संताप आला मला! म्हटलं, "गरज होती का हे आत्ता बोलायची? बारशाच्या दिवशी?" आणि पोर ओढून घेतली त्यांच्या मांडीवरून. परत भीती. ह्यांच्या जिभेने माझ्या लेकीला काही होऊ नये म्हणून घरातल्या तसबिरीपुढे दिवसभर दिवा ठेवला. त्यांना लागलं ते. चपला घालताना त्यांना पट्टा सापडेना.

पण पोरीला काय कळतंय! रांगायला लागली ती थेट त्यांच्याच ओट्यावर. चार-पाच वर्षांची असताना तिने एकदा विचारलं, "राणेकाका, देव आहे?" मी आत भाकरी थापत होते. हात थांबला माझा. भावोजी म्हणाले, "माका गावलो नाय गो. तुझ्या आयेक गावलो. तिका विचार, ती खोटा सांगूची नाय." त्या दिवसापासून मी त्या माणसावर रागावायचं सोडून दिलं.

अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराला त्यांच्या पोटात दुखायला लागलं. मुलुंडच्या इस्पितळात ठेवलं, ऑपरेशन ठरलं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळीच शेवंताक्काबरोबर मी गेले. खिडकीजवळची खाट. आवाज बसला होता, गालांची हाडं वर आलेली. माझ्याकडे बघून हसायला गेले आणि जमलं नाही.

"वयनी, माका भंय वाटता," ते म्हणाले. इतक्या सरळ कुणी पुरुष बोलतो का? मी त्यांचा हात धरला. बर्फासारखा गार.

शेवंताक्का रडायला लागली. मी म्हटलं, "भावोजी, घ्या ना हो देवाचं नाव. एकदाच. कुणाला सांगत नाही मी."

"आता घेतलंय तर ता भंयाचा असात," ते म्हणाले. "माझा नाय."

 मग मीच उभी राहिले. त्या वॉर्डात, औषधांच्या वासात, आजूबाजूचे पेशंट बघत असताना, हात जोडून. बाईने गाऱ्हाणं घातलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. म्हटलं, "भावोजी, मी सांगू?"

"सांगा. तुमचा आसा ता सांगा. माझा म्हणून सांगू नकात."

"बा जागेवाल्या म्हाराजा," मी सुरू केलं.  "हे राणेभावोजी तुला मानत नाहीत. पण मी मानते. मी खूप घाबरलेय. ह्यांना सांभाळ रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," शेवंताक्का हुंदक्यातून म्हणाली.

मी पुढे बोलणार, तेवढ्यात त्यांनी माझं बोट ओढलं. "हद्द," ते म्हणाले. "हद्द सांगा, वयनी. नायतर जायत वेंगुर्ल्याक."

रडता रडता मला हसू फुटलं. मी डोळे पुसले आणि सांगितलं, "उगवतीला मिठागर, मावळतीला डोंगर, इकडे फाटक, तिकडे हे इस्पितळ. त्यातली ही खिडकीजवळची खाट. हिच्यावर जो माणूस आहे, त्याला सांभाळ रे म्हाराजा!"

शेवंताक्का म्हणाली, "होय म्हाराजा." पलीकडच्या खाटेवरचा कोण कुठला म्हातारा, तोही म्हणाला, "होय म्हाराजा." आणि मी भावोजींच्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता तरी म्हणतील. कोण मोजतंय? दोन शब्द. वॉर्डबॉयनी स्ट्रेचर आणलं, त्यांना उचलून त्यावर ठेवलं. भीतीने त्यांचे डोळे एवढाले झाले होते. एवढी भीती मी कुणाच्या डोळ्यांत बघितली नाही, आरशातसुद्धा नाही. आणि ओठ घट्ट मिटलेले.

दारापर्यंत मी त्यांचा हात धरून चालत गेले. तिथे नर्सने तो सोडवला.